थोड्या थोड्या धोक्यांची बेरीज

पेणजवळच्या रामवाडीला एसटीचे आगार आहे. आषाढातल्या एखाद्या पहाटे पनवेलकडे निघणारा तेथला चालक गाडी बाहेर काढण्यापूर्वी क्षणभर आभाळाकडे पाहतो. पाऊस बराच आहे, वारा मात्र फारसा नाही. हमरापूरपर्यंत रस्ता बरा आहे, खारपाड्याच्या पुलावर पाणी उडेल, कर्नाळ्याच्या खिंडीत समोरचे जरा अंधुक दिसेल. वायपर किंचित अडखळतो आहे आणि रात्रीची झोपही थोडी अपुरीच झाली आहे. यांपैकी एकाही कारणासाठी गाडी उभी करावी असा नियम नाही. तरीही जुना, जाणता चालक त्या दिवशी गाडी सावकाश हाकतो, किंवा वायपर दुरुस्त झाल्यावाचून निघत नाही. त्याच्या मनात एक गणित झालेले असते, आणि त्या गणितात एकही आकडा नसतो. ‘बराच’, ‘फारसा नाही’, ‘जरा’, ‘किंचित’, ‘थोडी’ अशा शब्दांचेच ते गणित असते.

या शब्दांच्या गणिताला शास्त्राचे रूप देता येईल काय, आणि विमानप्रवासाच्या सुरक्षिततेसाठी त्याचा उपयोग करता येईल काय, हा प्रश्न रामवाडीसारख्या गावाला आता परका राहिलेला नाही. पेणहून तासाभराच्या अंतरावर, पनवेल तालुक्यात नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. १,१६० हेक्टरांच्या या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला, दहा गावांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. सभोवती खाडी आहे, पाणथळ जागा आहेत, त्यांवर जगणारे पक्षी आहेत. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणारा हा जिल्हा आहे. येथे विमान उतरविणाऱ्या वैमानिकापुढेही रामवाडीच्या चालकासारखेच अनेक ‘थोडे’ आणि ‘बरेच’ एकाच वेळी उभे राहणार. फरक इतकाच की, चालकाला रस्त्याच्या कडेला थांबता येते. उतरण्याच्या बेतात असलेल्या वैमानिकाला निर्णयासाठी काही सेकंदच मिळतात.

विमान वाहतूक हा व्यवसाय नियमांनी जितका बांधलेला आहे तितका क्वचितच दुसरा कोणता असेल. दृश्यता किती मीटरांखाली गेल्यास उतरू नये, पाठीमागून वाहणारा वारा किती नॉटपर्यंत चालेल, वैमानिकाने सलग किती तास काम करावे, या सर्वांना मर्यादा घालून दिलेल्या आहेत. या मर्यादांनी असंख्य प्राण वाचविले आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु मर्यादेचा स्वभावच असा असतो की, ती एका रेषेच्या अलीकडे ‘चालेल’ म्हणते आणि पलीकडे ‘चालणार नाही’ म्हणते. वाऱ्याची मर्यादा दहा नॉट असेल तर साडेनऊ नॉटचा वारा निर्धोक आणि साडेदहाचा घातक असा तिचा अर्थ होतो. निसर्ग असा वागत नाही. शिवाय प्रत्येक मर्यादा आपापल्या एका गोष्टीवर पहारा करते. वारा मर्यादेत आहे, पाऊस मर्यादेत आहे, कामाचे तास मर्यादेत आहेत, अशी सर्व पहारेकऱ्यांची ग्वाही मिळूनही सर्वांची मिळून झालेली बेरीज मर्यादेबाहेर गेली आहे काय, हे विचारणारा कोणीच नसतो. थेंबे थेंबे तळे साचते हे संचयाच्या बाबतीत जितके खरे, तितकेच ते संकटाच्या बाबतीतही खरे आहे.

महाराष्ट्राला याचा अनुभव फार दारुण रीतीने आलेला आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान ११८ माणसांना घेऊन औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघाले. उन्हाळ्यातल्या दुपारची तापलेली, विरळ हवा. विमानात माणसांचा आणि सामानाचा भार. नाक वर उचलण्यास झालेला काहीसा उशीर. आणि धावपट्टीच्या टोकापलीकडून जाणारा बीड रस्ता. त्या रस्त्यावरून नेमका त्याच क्षणी कापसाच्या गाठींनी लादलेला एक ट्रक जात होता. विमानाच्या चाकांचा व इंजिनाचा त्याला धक्का बसला, पुढे विमान विजेच्या तारांत अडकले आणि ५५ माणसे दगावली. चौकशीत वैमानिकाने विमान उचलण्यास केलेला विलंब व त्याची चुकीची पद्धत यांवर दोष ठेवण्यात आला. त्याचबरोबर उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याबद्दल राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणासही जबाबदार धरण्यात आले. यांतील कोणती एक गोष्ट वगळली असती तर अपघात टळला असता? बहुधा कोणतीही. ट्रक एक मिनिट आधी गेला असता तरी, किंवा विमान थोडे आधी उचलले गेले असते तरी, ते उड्डाण इतर शेकडो उड्डाणांप्रमाणे विसरले गेले असते.

सत्तावीस वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, केरळातील कोळिकोडच्या विमानतळावर हीच कथा वेगळ्या पात्रांनी पुन्हा घडली. डोंगरमाथा सपाट करून केलेली धावपट्टी, मुसळधार पाऊस, रात्रीची वेळ, पाठीमागून येणारा वारा. पहिल्या प्रयत्नात मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर बंद पडला. दुसऱ्या प्रयत्नात विमानाची चाके धावपट्टीचा जवळजवळ निम्मा भाग मागे पडल्यावर टेकली. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास सुचविले होते. ते झाले नाही. विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले आणि १९० जणांपैकी २१ जणांचा बळी गेला. चौकशी अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळणे हे संभाव्य कारण म्हणून नोंदविले. परंतु तो अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. त्या तळावर मुख्य वैमानिकांची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणाची जबाबदारी त्याच वैमानिकावर येणार होती, याचीही दखल त्याने घेतली. वाऱ्यापावसाबरोबर कंपनीचे कामाचे वेळापत्रकही त्या रात्री विमानाच्या कक्षात बसलेले होते.

अपघात झाल्यानंतर अशी यादी करणे सोपे असते. खरा प्रश्न आहे तो ही यादी विमान उडण्यापूर्वी मांडण्याचा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यासाठी पाच गुणिले पाच घरांचा एक तक्ता प्रचारात आणला आहे. एका बाजूला घटना घडण्याची शक्यता किती याच्या पाच पायऱ्या, दुसऱ्या बाजूला परिणाम किती भयंकर याच्या पाच पायऱ्या. ज्या घरात दोहोंची गाठ पडेल त्यावरून धोका सह्य की असह्य ते ठरवावयाचे. काही ठिकाणी उड्डाणापूर्वी भरावयाच्या प्रश्नपत्रिकाही असतात: रात्रीचे उड्डाण असेल तर इतके गुण, अपरिचित विमानतळ असेल तर इतके, आणि शेवटी बेरीज. ही साधने उपयुक्त आहेत. पण तक्त्यात दोन घरांमधील रेष पुन्हा तशीच कठोर राहते, आणि गुणांच्या सरळ बेरजेला हे कळत नाही की ओली धावपट्टी आणि पाठीमागचा वारा एकत्र आले म्हणजे त्यांचा धोका दोहोंच्या बेरजेहून अधिक होतो.

या अडचणीतून वाट काढणारा विचार १९६५ साली मांडला गेला. बाकू येथे जन्मलेले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत अध्यापन करणारे लोत्फी झादेह यांनी त्या वर्षी ‘फझी’ संचांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. फझी म्हणजे धूसर, कडा स्पष्ट नसलेला. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या संचात एखादी वस्तू एक तर असते किंवा नसते. झादेह म्हणाले की, व्यवहारातले बहुतेक संच असे नसतात. ‘उंच माणसे’ हा संच घेतला तर सहा फुटांचा मनुष्य त्यात पूर्णपणे आहे, पाच फूट आठ इंचांचा काही अंशी आहे, पाच फुटांचा जवळजवळ नाही. हा अंश शून्य ते एक यांमधील संख्येने दाखवावा, म्हणजे शब्दांवरही गणिती क्रिया करता येतील. खरे-खोटे या दोनच कप्प्यांवर समाधान न मानण्याची वृत्ती अर्थातच त्याहून जुनी आहे. पोलंडच्या यान लुकासिएविच यांनी १९२० साली तिसरे मूल्य मानणारे तर्कशास्त्र मांडले होते, आणि जैनांच्या स्याद्वादाने कोणतेही विधान ‘एका अपेक्षेने’ पाहावयास फार पूर्वीच शिकविले होते. तथापि, या वृत्तीला हिशेबाचे हत्यार बनविले ते झादेह यांनी.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ‘उद्या पाऊस पडण्याची शक्यता साठ टक्के आहे’ हे संभाव्यतेचे विधान झाले. उद्या उजाडला म्हणजे त्याचा निकाल लागतो. ‘आता पडणारा पाऊस ०.६ इतक्या अंशाने मुसळधार आहे’ हे धूसरतेचे विधान. पाऊस समोर पडतो आहे, प्रश्न त्याला कोणते नाव द्यावे एवढाच आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची वास्तविक गरज नाही. भुरभुर, रिमझिम, सर, झड, मुसळधार अशी पावसाची नावे आपल्या भाषेने केली, परंतु एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते याची रेषा तिने कधीच आखली नाही. आणि त्यावाचून कोणा शेतकऱ्याचे अडलेही नाही.

या विचाराला व्यवहारात उतरविण्याचे मोठे श्रेय इब्राहिम ममदानी यांना दिले जाते. टांझानियात जन्मलेले ममदानी भारतात शिकले, १९६६ साली इंग्लंडला गेले आणि लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात त्यांनी एका लहान वाफेच्या इंजिनाचे नियंत्रण अशा शब्दनियमांच्या आधारे करून दाखविले. इंजिन हाताळणारा अनुभवी मनुष्य ज्या भाषेत विचार करील त्याच भाषेतले ते नियम होते. पुढे १९८७ साली जपानमधील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे अशाच तत्त्वावर चालू आणि थांबू लागली. दरम्यान, तज्ज्ञांचे ज्ञान ‘जर–तर’ या स्वरूपाच्या नियमांत लिहून संगणकाला द्यावे, ही ‘एक्स्पर्ट सिस्टिम’ची कल्पनाही रूढ झाली होती. दोन्ही कल्पनांचा संगम म्हणजे धूसर तर्कावर चालणारी तज्ज्ञ प्रणाली.

तिचे काम एका लहानशा, केवळ समजुतीसाठी रचलेल्या उदाहरणाने पाहता येईल. समजा, धावपट्टी ‘ओली’ असण्याचा अंश ०.८ आहे. पाठीमागचा वारा ‘बराच’ असण्याचा अंश ०.६ आणि ‘थोडा’ असण्याचा अंश ०.४ आहे. वैमानिक ‘थकलेला’ असण्याचा अंश ०.५ आहे. जाणत्या वैमानिकांनी दोन नियम सांगितले आहेत. पहिला: धावपट्टी ओली, वारा बराच आणि वैमानिक थकलेला असेल तर धोका फार मोठा, म्हणजे शंभरात नव्वद. दुसरा: धावपट्टी ओली पण वारा थोडा असेल तर धोका मध्यम, म्हणजे शंभरात पन्नास. ‘आणि’ने जोडलेल्या अटींत जो अंश सर्वांत लहान, तेवढे त्या नियमाचे बळ मानतात. म्हणून पहिल्या नियमाचे बळ ०.५, दुसऱ्याचे ०.४. दोहोंची भारित सरासरी काढली की धोका ७२ येतो.

आता वारा पडला आणि त्याचे ‘बराच’ असणे ०.२ वर, ‘थोडा’ असणे ०.८ वर गेले असे धरले, तर तोच हिशेब ५८ दाखवितो. वारा मूळचाच राहू दिला, परंतु थकलेल्या वैमानिकाच्या जागी विश्रांती घेतलेला वैमानिक आला आणि थकव्याचा अंश ०.१ झाला, तरीही उत्तर ५८ च येते. या पद्धतीचे मर्म येथे आहे. ती नुसती धोक्याची घंटा वाजवीत नाही; तो कोठून आला आणि कशाने उतरेल हेही दाखविते. वारा बदलणे कोणाच्या हाती नसते. वैमानिक बदलणे असते.

विमान वाहतुकीत असा प्रयत्न प्रत्यक्षात झालेला आहे. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत मायकेल हॅजिमायकेल यांनी ‘फोरास’ नावाच्या प्रणालीवर काम केले आणि २००९ साली तिच्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. उड्डाणातील धोक्याची कारणे तिने एखाद्या वंशवृक्षासारखी मांडली: वर एकूण धोका, त्याखाली वैमानिक, हवामान, विमानतळ यांसारख्या शाखा, आणि प्रत्येक शाखेखाली तिच्या उपशाखा. प्रत्येक गाठीवर अनुभवी माणसांकडून विचारून घेतलेले नियम. प्रत्येक उड्डाणासाठी एक सापेक्ष निर्देशांक मिळावा, आणि तो कोणत्या शाखेमुळे वाढला ते मागोवा घेऊन पाहता यावे, असा तिचा हेतू होता.

अपघातांची आकडेवारी असताना तज्ज्ञांचे शब्द कशाला हवेत, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर विमान वाहतुकीच्या यशातच आहे. अपघात इतके विरळ झाले आहेत की, विशिष्ट धावपट्टी, विशिष्ट वारा आणि विशिष्ट थकवा यांचा मेळ पूर्वी किती वेळा घातक ठरला हे आकड्यांना सांगता येत नाही. तसा मेळ बहुधा पूर्वी कधी घडलेलाच नसतो. ज्यांनी त्या जवळपासचे शंभर प्रसंग निभावून नेले आहेत, त्यांच्या स्मरणात मात्र त्याचे उत्तर असते. ते निवृत्त झाले म्हणजे हे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. ते लिहून ठेवण्याची ही एक रीत आहे.

मात्र या रीतीच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान मुंबईहून उडाल्यानंतर लगेच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा तोल दाखविणारे उपकरण बिघडले होते, आणि अंधारात समुद्रावर क्षितिज दिसत नसल्याने वैमानिकाचा दिशाभ्रम झाला. उड्डाणापूर्वीच्या कोणत्याही यादीत न दिसलेली गोष्ट कोणत्याही प्रणालीला दिसणार नाही. दुसरे असे की, नियम सांगणारे तज्ज्ञ जितके प्रामाणिक तितकीच प्रणाली प्रामाणिक. जेथे ‘थकलो आहे’ म्हणणे हा कामचुकारपणा समजला जातो, तेथे थकव्याचा अंश नेहमीच शून्याजवळ भरला जाईल, आणि संगणक त्या खोट्या अंशावरून अचूक गणित करून खोटे उत्तर देईल. तिसरा धोका सर्वांत मोठा आहे. शब्दाला आकड्याचे वस्त्र चढले म्हणजे त्याला एक अधिकार प्राप्त होतो. ‘निर्देशांक एकोणसत्तर होता, सत्तर नव्हता’ हे वाक्य एखाद्या चौकशी समितीपुढे उद्या बचाव म्हणून उभे राहिले, तर ज्या कठोर रेषेतून सुटण्यासाठी हा खटाटोप केला तीच रेषा मागच्या दाराने परत आली असे होईल.

आकड्यापुढचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच गणिताबाहेरचा आहे. वैमानिकांच्या थकव्याचा विचार करून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम केले आणि ते २०२५ साली टप्प्याटप्प्याने लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५ च्या प्रारंभी देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक या नियमांत बसेना; हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवाशांचे अतोनात हाल झाले, आणि अखेर त्या कंपनीला काही काळापुरती सवलत द्यावी लागली. प्रवाशांचे हाल खरे होते, आणि त्यांचा संतापही समजण्यासारखा होता. परंतु त्या गोंधळात हे विस्मृतीत गेले की, विश्रांतीचे ते जादा तास शेवटी त्याच प्रवाशांच्या जिवासाठी होते. धोका मोजण्याचे साधन कितीही सूक्ष्म असले तरी, ‘आज नको’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची व्यवस्था नसेल, तर ते साधन भिंतीवरच्या घड्याळासारखे केवळ वेळ दाखवीत राहील.

तेव्हा नवी मुंबईसारख्या नव्या विमानतळाच्या संदर्भात या विद्येकडे दोन अपेक्षांनी पाहावे. पाऊस, पक्षी, वारा आणि माणसाचा थकवा यांचा येथील मेळ जसजसा अनुभवास येईल तसतसा तो तज्ज्ञांच्या शब्दांत, त्यांच्या ‘जरा’ आणि ‘बराच’ यांसह, नोंदविला जावा; कारण दुसऱ्या देशातल्या विमानतळासाठी लिहिलेले नियम ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांना आणि कोकणातल्या आषाढाला लागू पडतीलच असे नाही. आणि प्रणालीने धोका वाढल्याचे सांगितल्यावर थांबणाऱ्या वैमानिकाला, अभियंत्याला किंवा नियंत्रकाला त्याबद्दल किंमत मोजावी लागू नये. ही दुसरी गोष्ट कोणताही संगणक करू शकणार नाही. ती कंपनीला, सरकारला आणि विलंब सोसणाऱ्या प्रवाशालाच करावी लागेल.

रामवाडीच्या आगारातून वायपर दुरुस्त करून दहा मिनिटे उशिरा निघालेल्या गाडीतले प्रवासी घड्याळाकडे पाहून कुरकुरतात. पनवेलला सुखरूप उतरल्यावर ती दहा मिनिटे कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. टळलेल्या अपघाताची बातमी कधी छापली जात नाही, आणि त्यामुळे तो टाळणाऱ्याचे नावही कोणाला कळत नाही. त्या चालकाने मनातल्या मनात केलेली बेरीज मांडता आली, तपासता आली आणि पुढच्या पिढीला देता आली, तर ‘थोडे’ ‘फार’ होण्यापूर्वीच ते ओळखण्याची शक्यता वाढेल. या गणिताकडून मागणे एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.